जलपर्णीतल्या मरळीसाठी कुठला रॉड घ्यावा? (फ्रॉगवाल्यांनो मदत करा)

उजनीचा_जावई

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिलाच धागा, चुकलं तर सांभाळून घ्या.

सासुरवाडी इंदापूर तालुक्यात. घरामागच्या ऊसातून दहा मिनिटं चाललं की उजनीचं बॅकवॉटर. काठाला बेशरमीची झुडपं, पुढे वीस-पंचवीस फूट जलपर्णी आणि मधेमधे ताटाएवढ्या मोकळ्या जागा. तिथे मरळ आहे हे सगळ्या गावाला माहितीये, पण जाळं लावलं तर जाळंच फाटतं म्हणून कोणी नादाला लागत नाही.

मागच्या रविवारी रबरी फ्रॉग (गळ लावलेला खोटा बेडूक) टाकत बसलो होतो. तासभर काही नाही. एका मोकळ्या जागेत फ्रॉग थांबवला आणि मानेवरचा डास मारायला हात वर केला, तेवढ्यात कोणीतरी वरून धोंडा टाकावा तसं पाणी उडालं. मी दचकून ओढलं. लागला! रॉड पार मुठीपासून वाकला, मरळ खाली घुसली, दोन सेकंद नुसतं जड जड लागलं आणि टप्प. दोरी ओढली तर टोकाला काळ्या केसांसारख्या मुळांचा झुबका, फ्रॉग गायब. मेव्हणा मागे उभा राहून हसत होता ते वेगळंच.

सध्याचं सामान: ६ फुटी मीडियम रॉड, स्पिनिंग रीळ, ०.३५ ची नायलॉन. आता फक्त या कामासाठी वेगळा रॉड घ्यायचाय. हेवी घेऊ का मीडियम हेवी? ७ फूट पुरे का? बेटकास्टर (अंगठ्याने स्पूल आवरायचं रीळ) शिकू का आहे तेच रीळ चालेल? रॉडचं बजेट साडेतीन ते चार हजार. अट एकच, पुण्याहून मोटरसायकलवर नेता आला पाहिजे.

---

ढब्बू_मिरची

मी पयला!!
(विषयातलं शष्प कळत नाही, पण वाचतोय)

---

झाडीपट्टी

राजेहो, तुम्ही साडेतीन हजार काहून घालवता? आमच्या भंडारा-गोंदियाकडे मामा तलाव आहेत, मामा म्हंजे माजी मालगुजारी, कोहळी लोकांनी धानासाठी बांधलेले. कमळ, शिंगाडा, गवत, सगळं भरलेलं, आणि त्यात मरळ. आमचे म्हातारे १४-१५ फुटाचा बांबू घेतात, शेंड्याला जेमतेम दोन-अडीच फूट जाड दोरी. काठावरून बांबू लांबवायचा, त्या ताटाएवढ्या जागेत आमिष वरखाली नाचवायचं, टप टप टप. मरळीने तोंड टाकलं की सरळ वर! तिला खाली घुसायला दोरीच नाही न बाप्पा. आडवं ओढणं नाही, झुडपात अडकणं नाही, थेट आकाशातून पाठीमागच्या बांधावर.

तुमचा घोटाळा तिथंच झाला. दोरी लांब, मासा दूर, मधात वीस फूट जलपर्णी. रॉड कोणताही घ्या, तुमाले मासा त्या मोळीच्या (जलपर्णीच्या गुंत्याच्या) *वर* आणता आला पायजे. तो खाली राहिला की तुमचं त्या झाडाशी भांडण सुरू, माशाशी नाही.

---

हिशेबी_कारकून

झाडीपट्टींनी एका वाक्यात सगळं सांगितलंय, +१. मासा वर आणणे. आता ते काम पंधरा फुटी बांबूऐवजी सात फुटी रॉडने करायचं तर तीन गोष्टी लागतात, आणि त्यातली रॉड ही तिसरी आहे.

पहिली दोरी. तुमची ०.३५ नायलॉन वीस पौंडाच्या आतबाहेर असेल. वर ती ताणली जाते. फ्रॉग पंधरा मीटरवर, तुम्ही हिसका देता, त्यातला निम्मा हिसका दोरीच खाते, गळापर्यंत काय पोचणार? ब्रेड (धागे विणून केलेली दोरी) घ्या. पीई ४ (ब्रेडच्या जाडीचा नंबर) ची जाडी साधारण ०.३३ मिमी, म्हणजे तुमच्या नायलॉनपेक्षा किंचित बारीकच, पण ताकद पन्नास पौंडाच्या आसपास आणि ताण जवळपास शून्य. शिवाय ताणलेली ब्रेड जलपर्णीचे देठ करवतीसारखे कापत येते. चार पदरी घ्या, आठ पदरी गुळगुळीत आणि महाग असते, इथे खरखरीतच बरी.

दुसरी गोष्ट, तुमच्या फ्रॉगचं वजन किती? ते सांगितल्याशिवाय रॉड सांगणं म्हणजे पायाचं माप न घेता चपला विकणं.

---

अज्ञानी_बालक

मी दोन मिनिटं विचार करत होतो की चार पदरी ब्रेड म्हणजे सँडविच का 🤦

---

ढब्बू_मिरची

आठ पदरी म्हणजे मस्का पाव.

---

मेरीलँडकर

या विषयावर धागा बघून डोळे पाणावले. मी इथे अमेरिकेत पोटोमॅक नदीवर दर उन्हाळ्यात हेच करतो. इथे मरळीची चुलत बहीण आहे, नॉर्दर्न स्नेकहेड. मूळची चीनकडची. २००२ साली आमच्या इथे क्रॉफ्टन गावातल्या एका तळ्यात सापडली तेव्हा असा गहजब झाला की अख्खं तळं विष घालून साफ केलं, टीव्हीवर "चालणारा राक्षसी मासा" वगैरे. २००४ ला पोटोमॅकमध्ये निघाली, मग काय करणार, नदीत विष थोडंच घालता येतं. आता सरकारच म्हणतं मारा आणि खा, किती पकडावे याला मर्यादा नाही. २०२४ मध्ये तर लोकांनी खावी म्हणून तिचं नाव बदलून "चेसापीक चन्ना" केलं. आम्ही मराठी माणसं आधीपासूनच खात होतो, आम्हाला कोणी विचारलं नाही.

मुद्द्यावर येतो. ७ फूट ४ इंच, हेवी पॉवर, फास्ट अ‍ॅक्शन, ६५ पौंडी ब्रेड, बेटकास्टर रीळ ७ ला १ च्या वरचं (हँडलच्या एका फेऱ्यात स्पूलचे सातपेक्षा जास्त फेरे). डोळे झाकून घ्या. इथल्या हायड्रिला नावाच्या पाणगवताच्या गालिच्यातून चार-पाच किलोचा मासा त्याच्यावर ओढलाय. लांब रॉडचा फायदा असा की हिसका मारताना पाण्यावर पडलेली सगळी ढिली दोरी एका झटक्यात उचलली जाते.

---

हिशेबी_कारकून

मेरीलँडकर साहेब, तुमचं तुमच्या जागी शंभर टक्के बरोबर, पण ते जसंच्या तसं इंदापूरला लावलं तर हा माणूस तिसऱ्या दिवशी रॉड विकायला काढेल.

रॉडच्या मुठीच्या वर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं ते कोणी वाचतच नाही. त्यात पॉवर असते, अ‍ॅक्शन असते आणि ल्यूरचं (खोट्या आमिषाचं) वजन असतं. पॉवर म्हणजे रॉड वाकवायला किती जोर लागतो, अ‍ॅक्शन म्हणजे तो कुठून वाकतो. फास्ट म्हणजे वरचा साधारण तिसरा हिस्सा वाकतो आणि खालचा ताठ राहतो, आपल्याला तेच पाहिजे. पण पॉवरचं कुठलंही सरकारी माप नाही! एका कंपनीचा हेवी हा दुसरीचा मीडियम हेवी असतो. म्हणून खरा आकडा ग्रॅमचा बघायचा.

तुमच्याकडचे फ्रॉग अर्धा औंस, म्हणजे १४ ग्रॅम आणि वर. आपल्या दुकानात मरळीसाठी जे मिळतात त्यातले बरेच सात ते बारा ग्रॅमचे. रॉडवर १४ ते ५६ ग्रॅम लिहिलं असेल आणि तुम्ही ९ ग्रॅमचा फ्रॉग लावला तर रॉड मागे नेल्यावर वाकतच नाही. वाकला नाही तर फेकणार कोण? खराट्याने चिंच फेकल्यासारखं होतं. फ्रॉग आठ मीटरवर पडतो, आणि बेटकास्टर असेल तर रिळात दोरीच्या गुंत्याचं चिमणीचं घरटं तयार.

---

झाडीपट्टी

खराट्याने चिंच 😂 हे जपून ठेवतो.

---

खाजणवाला

लांबीबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. मी अलिबाग बाजूचा, आमच्यात गरवायला जाणे म्हणतात. खाजणात जिताड्यासाठी पण मी फ्रॉग टाकतो (घेतो हो, सूर्य बुडताना बांधाच्या उघाडीपाशी, फटाका फुटल्यासारखा आवाज येतो). माझा रॉड साडेसहा फुटी. कारण जिथे मासा असतो तिथे डोक्यावर झाड असतं. सात-सव्वासात फूट घेऊन बेशरमीच्या झुडपात उभे राहा आणि मागे हात नेऊन दाखवा. थायलंडची मंडळी तर मरळीच्या भावंडांसाठी साडेपाच-सहा फुटी रॉड वापरतात, बाजूने मनगटाने सपकन फेकतात, फांदीखाली बरोबर बशीत.

---

हिशेबी_कारकून

ते होडीत उभे राहून टाकतात ना पण. होडी मोळीच्या कडेला लावता येते. काठावरून टाकणाऱ्याला मधली वीस फूट जलपर्णी ओलांडायची आहे, दोरी उचलून धरायला उंची पाहिजे. काठ तर लांब रॉड, होडी किंवा फांद्या तर आखूड. आपण दोघं भांडतच नाहीयोत खरं तर.

---

खाजणवाला

भांडूया की थोडं, रविवार आहे.

---

कृष्णाकाठ

सांगलीकरांचा एक अनुभवी सल्ला: रॉड एवढा लांब घ्या की आपण काठापासून दहा फूट मागे उभे राहू शकू. आमच्याकडे जलपर्णीतून मरळ येईल का मगर याची गॅरंटी नसते. ह. घ्या, पण अगदीच हलकं पण घेऊ नका.

---

पाटलाची_पोर

मी मासे पकडत नाही पण लहानपणी बाबांबरोबर बांधावर बसलेय खूप. रॉड वगैरे राहू द्या, जावईबापूंनी स्वतःच लिहिलंय "मी दचकून ओढलं". तिथेच चुकलं. मरळ पहिला फटका मारते तेव्हा बेडूक नीट तोंडात नसतोच. बाबा म्हणायचे पाणी उडालं की "विठ्ठल विठ्ठल" म्हण, आणि मग ओढ. तेवढ्यात ती बेडूक घेऊन वळते.

(बाबांनी माळ घातली नव्हती, आधीच सांगते.)

---

मेरीलँडकर

हे इथे "एक हजार एक" मोजून करतात. विठ्ठल विठ्ठल फार चांगलंय, उद्यापासून पोटोमॅकवर सुरू. डोळ्याने बघून ओढू नका, हाताला वजन लागलं की ओढा. आणि ओढताना बाजूला नाही, वर. मग थांबायचं नाही, रॉड वर ठेवूनच रीळ फिरवत राहायचं, माशाचं डोकं एकदा मोळीच्या वर आलं की तो गवतावरून सुंसुं घसरत येतो. डोकं खाली गेलं की संपलं. म्हणून वेगवान रीळ.

---

रानवाटा

एक गंभीर मुद्दा. वर झाडीपट्टींनी "आमिष" असा मोघम शब्द वापरलाय, पण बऱ्याच ठिकाणी गळाला जिवंत बेडूक लावतात हे सगळ्यांना माहितीये. रानबेडकाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. एके काळी आपल्याकडून बेडकाचे पाय परदेशी जायचे, इतके पकडले की १९८७ ला निर्यातच बंद करावी लागली. शेतातली कीड खाणारा प्राणी आहे तो. रबरी बेडूक वापरताय हे फारच चांगलं.

आणि दुसरं, पावसाळ्यात पाण्यावर लालसर-केशरी पिल्लांचा बुडबुडता गोळा दिसला तर त्याच्यावर फ्रॉग टाकू नका. खाली आईबाप राखण करत असतात, ते भूक म्हणून नाही, पिल्लांना वाचवायला हल्ला करतात. म्हणून हमखास मिळतात, आणि ते गेले की सगळी पिल्लं इतर मासे दहा मिनिटांत फस्त करतात.

---

झाडीपट्टी

ताई/दादा, बरोबर बोलले. पहिले लावत होते, खोटं कशाला बोलू. आता आमच्या गावात पोरं रबरीच वापरतात, धुऊन परत वापरता येतो म्हणून. कायद्यापेक्षा काटकसर कामी आली.

पिल्लांचं तर आमचे म्हातारेही सांगत होते, लाल झुंड दिसली की बांबू उचला आणि दुसऱ्या बांधावर जा.

---

तिखटजाळ

एवढे तज्ञ जमलेत आणि कोणी अजून रस्सा काढला नाही? मरळीला मधला काटा सोडला तर त्रास नाही, पोरांना पण देता येते. फक्त बुळबुळीत फार, चुलीतली राख चोळून धुवायची, नाहीतर सुरी सटकते. बाजारात टबात जिवंतच ठेवतात, हवेतून श्वास घेते ना ती. आमच्याकडे बाळंतिणीला, ऑपरेशन झालेल्याला मरळच देतात, जखम लवकर भरते म्हणे.

---

अज्ञानी_बालक

ती हैदराबादला दम्यासाठी जिवंत गिळतात तीच का?

---

तिखटजाळ

तीच, तिचं बोटभर पिल्लू. मृग लागला की तोंडात औषध भरून गिळायला देतात, हजारोंनी लोक रांगेत असतात. औषध म्हणून किती खरं ते डॉक्टरांना विचारा. तेलंगणाचा तर तो राज्यमासाच आहे, कोर्रमीनू म्हणतात. आपला पापलेट, त्यांची मरळ. मला विचाराल तर रस्स्यात त्यांची निवड उजवी.

---

खाजणवाला

पापलेटबद्दल एक शब्द बोलायचा नाही.

---

ढब्बू_मिरची

धाग्याचा मासळीबाजार झाला. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

उजनीचा_जावई

बापरे, दोन दिवसांत एवढे प्रतिसाद! सगळ्यांना धन्यवाद.

हिशेबी, तुमच्या सांगण्यावरून बायकोचा केकचा काटा घेतला (ती ऑफिसला गेल्यावर). माझ्याकडे चार फ्रॉग आहेत. ९, ९, ११ आणि एक मोठा काळा १४ ग्रॅम. म्हणजे मी दुकानात ज्या हेवी रॉडवर बोट ठेवून आलो होतो, त्याच्यावर २१ ते ७० ग्रॅम लिहिलंय! दुकानदाराने काही सांगितलं नाही, उलट "सर, हाच न्या, मगर पण निघेल" म्हणाला.

आता प्रश्न बेटकास्टर का स्पिनिंग. काल शेजाऱ्याचा बेटकास्टर घेऊन गच्चीवर पाच वेळा टाकला, त्यातल्या चार वेळा घरटं. ते सोडवायला सुई लागली.

---

हिशेबी_कारकून

बघा, काट्याने वाचवलं. तुम्हाला ७ फूट, मीडियम हेवी, फास्ट, ७ ते २८ ग्रॅमच्या आसपास लिहिलेला रॉड. दोन तुकड्यांचा घ्या, लोक नाकं मुरडतात पण सात फुटाचा अखंड रॉड मोटरसायकलवर हडपसरच्या ट्रॅफिकमधून नेऊन दाखवावा त्यांनी. जोड मात्र दर अर्ध्या तासाने हाताने दाबून बघायचा, टाकता टाकता सैल होतो, आणि सैल जोडावर मासा लागला की तिथेच तुटतो.

रीळ आहे तेच ठेवा जर ४००० नंबरचं असेल. ९ ग्रॅम टाकायला स्पिनिंग सोपं.

---

मेरीलँडकर

तीव्र निषेध. स्पिनिंगवर फ्रॉग म्हणजे पुरणपोळी केचपबरोबर. बेटकास्टरमध्ये ओढायला जी ताकद मिळते ती वेगळीच, रीळ सरळ रेषेत ओढतं, दोरीला काटकोनात वळावं लागत नाही. घरटं पहिले आठ दिवस होणारच, फ्रॉग पाण्याला टेकायच्या क्षणी अंगठ्याने स्पूल दाबायचा, सवय होते.

---

हिशेबी_कारकून

होते. पण यांची सुट्टी महिन्यातून दोन रविवार. आठ दिवसांची सवय म्हणजे चार महिने. तोवर मेव्हणा हसून हसून मरेल.

---

मेरीलँडकर

हा मुद्दा मान्य.

---

कृष्णाकाठ

आता मगर नाही, खरंच गंभीर. कार्बनचा रॉड वीज वाहून नेतो. नदीकाठी, धरणाकाठी मोटारींच्या वायरी कशा लोंबत असतात माहितीये ना, आणि सात फूट रॉड हातात धरून वर केला की टोक तेरा-चौदा फुटांवर जातं. बांबूची सवय असलेल्या माणसाच्या हे डोक्यात येत नाही. आधी वर बघा, मग पाण्याकडे. आभाळ गडगडलं तर रॉड खाली ठेवून लांब व्हा.

आणि फ्रॉग फांदीत अडकला तर रॉडने उपटायला जाऊ नका. तसाच तुटला माझा पहिला, माशाने नाही, बाभळीने तोडला. दोरी काठीला चार वेढे देऊन सरळ ओढायची, हाताला कधीच गुंडाळायची नाही, ब्रेड बोट कापते.

---

रानवाटा

आणि तिथला मासेमारीचा ठेका ज्या संस्थेकडे असेल त्यांना विचारूनच टाका. बहुतेक जण गळवाल्याला नाही म्हणत नाहीत, पण न विचारता गेलं की वाद होतो. त्यांचं पोट आहे ते.

---

ढब्बू_मिरची

जलपर्णी उपटताय तर जाता जाता ती काढायचं टेंडर पण भरा, पुण्यात दरवर्षी निघतं.

---

उजनीचा_जावई

साडेतीन आठवड्यांनी परत आलोय, वृत्तांत देतो.

रॉड घेतला, ७ फूट, मीडियम हेवी, दोन तुकडे, १० ते ३० ग्रॅम लिहिलेला, तीन हजार सहाशे. पीई ४ चार पदरी ब्रेड, पालोमर गाठ मारून थेट फ्रॉगला, मध्ये काही नाही. पाईपच्या पिशवीत घालून पाठीला बांधला, टोलनाक्यावर सगळे बघत होते. संस्थेच्या एका काकांना आधी विचारलं, ते म्हणाले टाक की, निघाली तर आम्हाला पण दाखव.

पहिला रविवार. सकाळी सातला फटका बसला, मी सगळं विसरून ओढलं, फ्रॉग पाण्यातून सुटून कानाजवळून गोळीसारखा मागे गेला आणि बेशरमीत अडकला. मेव्हणा हसला. त्यानंतर दिवसभर काही नाही, पण फ्रॉग पंचवीस मीटर जात होता, जुन्या रॉडवर पंधरा जायचा. एवढ्यावर पण खूष होतो.

दुसरा रविवार, म्हणजे परवा. ऊन डोक्यावर आलं होतं, ११ ग्रॅमवाला लावला होता. एका मोकळ्या जागेच्या कडेला जलपर्णीवर टाकला, हळूच ओढून पाण्यात सोडला आणि थांबलो. फ्रॉगभोवतीची वर्तुळं विरली. मग मोळीच्या आतून, साधारण दोन फुटांवर, एक पान हललं. वारा नव्हता. फक्त ते एकच पान. मी फ्रॉग किंचित हलवला आणि पाणी फुटलं.

"विठ्ठल विठ्ठल" म्हणालो. मोठ्याने. मेव्हणा साक्षीदार आहे. दोरी चालायला लागली, हाताला वजन लागलं, तेव्हा वर ओढलं. रॉड या वेळी वरच्या अर्ध्यातच वाकला, खालचा ताठ राहिला, आणि मरळ जी वर आली ती वरच. जलपर्णीवरून घसरत, शेपटी आपटत, तोंडात पानं घेऊन. काठाजवळ शेवटच्या पाच फुटांत खाली घुसली, मग मेव्हणा चपला काढून गुडघाभर चिखलात उतरला आणि मोळीसकट उचलून आणली.

सव्वा किलो. फोटो टाकतोय.

पुढची अडचण वेगळीच. सासरे माळकरी आहेत, घरात मासा चढत नाही. "विठ्ठलाचं नाव घेऊन धरलीय" असं मेव्हण्याने सांगितल्यावर ते काहीच बोलले नाहीत, फक्त माझ्याकडे बघून आत गेले. मागच्या पडवीत तीन दगड मांडून केली, तिखटजाळ यांच्या सांगण्याप्रमाणे राख चोळून. सासूबाईंनी मसाला कुटून बाहेर आणून दिला, मात्र हात न लावता, पाटावर ठेवून गेल्या.

एक शंका राहिली. फ्रॉगमध्ये पाणी भरतंय, तासाभराने बुडायला लागतो. काय करू?

---

पाटलाची_पोर

बाबांना वाचून दाखवलं. म्हणाले, सासऱ्यांनी आत जाऊन नक्की हसून घेतलं असणार.

---

हिशेबी_कारकून

अभिनंदन! गळ बाहेर येतो त्या भोकातून पाणी शिरतं, ते काही प्रमाणात होणारच. दर पाच-सहा टाकण्यांनंतर पोट दाबून पाणी काढायचं. फारच भरत असेल तर माशाच्या दाताने भोक पडलंय का बघा, पडलं असेल तर वाळवून एक थेंब फेविक्विक. आणि गळाची दोन्ही टोकं पक्कडीने केसभर बाहेर वाकवा, पाठीला फार चिकटलेली असली की मासा सुटतो. केसभरच. जास्त वाकवलीत तर पुन्हा जलपर्णी काढायला लागाल.

---

मेरीलँडकर

फोटो बघून भूक लागली. कालच पोटोमॅकवर विठ्ठल विठ्ठल म्हणालो, शेजारच्या होडीतल्या गोऱ्याने विचारलं हा कुठला ल्यूर.

---

झाडीपट्टी

भाऊ, सव्वा किलो कोणत्या काट्यावर मोजली?

---

उजनीचा_जावई

काटा पाच किलोपर्यंतचा आहे. लिंबाने दोनदा धुतलाय. बायको हा धागा वाचते, कृपया विषय बदला.